कोंबलेले टिकत नाही

परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खे पुस्तक डोक्यात कोंबणे याला आपल्याकडे आता कोणी दोष मानत नाही. उलट ते कौशल्य ठरले आहे. वसतिगृहात ‘नाइट मारली’ असे सांगताना मुलांच्या आवाजात अभिमान असतो. सहा महिन्यांचा पोर्शन दोन रात्रींत उरकला की मित्र पाठ थोपटतात, घरचे कौतुक करतात, आणि पुढच्या सत्रात येरे माझ्या मागल्या. या सवयीचे समर्थन करणारे लोक बेजबाबदार नाहीत, त्यांच्याजवळ कारणे आहेत. म्हणून त्या कारणांना एकेक करून उत्तर द्यायला हवे.

पहिले कारण बरेच जुने आहे. भारतातील सनदी सेवेसाठी लंडनमध्ये १८५५पासून स्पर्धा परीक्षा सुरू झाली आणि ऐनवेळी तयारी करून देणाऱ्या शिकवण्यांचा धंदा तिथे फोफावला. या ‘क्रॅम’वर टीकेची झोड उठली, तेव्हा तिचा बचाव करायला विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स हा नामांकित अर्थशास्त्रज्ञ पुढे आला. १८७७मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात त्याने ‘क्रॅम’ याच नावाचा लेख लिहिला. त्याची बाजू आजही जशीच्या तशी ऐकू येते: परीक्षेवर नजर ठेवून नेमकी तयारी करण्यात गैर काय? व्यवहारात हेच तर करावे लागते. वकील रात्रीतून खटला तयार करतो, सकाळी बाजू मांडतो, आणि निकाल लागला की विसरून जातो.

पण याच जेव्हन्सने क्रॅमचे चांगली आणि वाईट असे दोन प्रकार केले होते, हे सोयीस्कर विसरले जाते. जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली, परीक्षेला लागेल तेवढेच पण कसून शिकणे, ही त्याची चांगली क्रॅम. न पचलेल्या तारखा आणि सूत्रे तात्पुरती डोक्यात भरून उत्तरपत्रिकेत ओतणे, ही वाईट. आपल्या ‘नाइटी’ यांतल्या कोणत्या प्रकारात बसतात, हे सांगायला नको. आणि वकिलाच्या रात्रीमागे कितीतरी वर्षे उभी असतात. पुराव्याचा कायदा, कराराचा कायदा त्याच्या अंगात मुरलेला असतो, म्हणून नवी कागदपत्रे एका बैठकीत जागच्या जागी बसतात. ज्याने सत्रभर पुस्तक उघडलेले नाही, त्याच्याकडे ती बैठकच नसते.

दुसरे कारण रोकडे आहे: मार्क तर मिळतात ना! मिळतात, हे मान्य करायलाच हवे. किंबहुना प्रयोगही तेच सांगतात. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांना गद्य उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत तो समोर न ठेवता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले, तेव्हा वाचणारा गट पुढे होता: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारले, तेव्हा वाचणाऱ्यांजवळ ४० टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांजवळ ६१. आपल्याला जास्त लक्षात राहील, असे जास्त खात्रीने सांगणारा गट मात्र वाचणाऱ्यांचाच होता.

कोंबाकोंबी का सुटत नाही, याचे उत्तर इथे आहे. ती तत्काळ फळ देते आणि वर ‘मला येते’ असा भरवसाही देते. पान पाचव्यांदा डोळ्यांखालून गेले की ते ओळखीचे वाटते. ओळख पटणे आणि आठवणे यांतला फरक विद्यार्थ्याला त्या रात्री कळत नाही, पेपरमध्येही पुरता कळत नाही. कळतो तो पुढच्या वर्षी.

‘विसरले तर विसरले, पेपर तर सुटला’ असे म्हणणाऱ्यांनी या पुढच्या वर्षाकडे पाहावे. पहिल्या सत्राचे गणित पुसले गेले की दुसऱ्या सत्राचे गणित उभे राहत नाही. वैद्यकीय शिक्षणात शरीररचना पहिल्या वर्षी शिकवतात आणि शस्त्रक्रिया शिकताना ती पानोपानी लागते. सुटलेला पेपर असा व्याजासकट परत येतो, आणि आधीचे कच्चे राहिलेला विद्यार्थी नवे पुन्हा कोंबूनच भरतो.

तिसरे कारण परंपरेचे. घोकणे आपल्या रक्तातच आहे, आपले पूर्वज घोकूनच शिकले, असे म्हटले जाते. पूर्वज पाठ करत, हे खरे. कसे करत, ते पाहावे. वेदपठणात क्रमपाठात पहिले पद दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी जोडून म्हणतात. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट येते. घनपाठात तिसरे पद मिळून गुंफण आणखी दाट होते. या शिक्षणाला वर्षे लागतात. घराघरांत दिवेलागणीला परवचा होई. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी रोज थोडी थोडी म्हटली जाई. वारकरी हरिपाठ रोज म्हणतो, म्हणून तो त्याच्या ओठांवर असतो. यांतली एकही गोष्ट एका रात्रीत झालेली नाही. रोज थोडे, ठरल्या वेळी, पुस्तकाशिवाय, मोठ्याने आणि चूक झाली तर पुन्हा, ही ती पद्धत होती. कोंबाकोंबी या परंपरेचा वारसा सांगते, तेव्हा ती नेमकी तिच्या उलट वागत असते.

आता समोरच्या टोकाला उभे असलेल्यांनाही उत्तर द्यायला हवे. त्यांचे म्हणणे असे की पाठांतरच हद्दपार करा, सगळे मोबाइलवर मिळते. यशपाल समितीने १९९३मध्ये दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक घातक असल्याचे सांगितले. ते निदान अचूक होते. पण समजलेलेही टिकवावे लागते. जे डोक्यात नाही, त्याचा विचार करता येत नाही. सात आठे किती, हेच दर वेळी शोधावे लागले तर मुलाचे लक्ष तिथेच खर्च होते आणि गणितातला विचार बाजूला राहतो. अडचण पाठांतराची नाही, ते एका रात्रीत दाबून बसवण्याची आहे. मुसळधार पाऊस वाहून जातो, भिजपाऊस जमिनीत मुरतो.

मग करायचे काय? हेर्मान एबिंगहाउसने १८८५मध्येच वाट दाखवली होती. अर्थहीन अक्षरजोड्या स्वतःच पाठ करून त्याने स्मरणशक्ती मोजली. बारा जोड्यांची एक यादी चाचणीच्या आदल्या दिवशी एकदम ६८ वेळा म्हणून जो परिणाम साधला, तोच तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हणून साधला. झोपेचा प्रश्नही जुनाच आहे. कॉर्नेल विद्यापीठात जेनकिन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४मध्ये दाखवले की पाठ केल्यावर झोपले तर विसरणे कमी होते, जागे राहिले तर जास्त. ‘नाइट’ मारणारा विद्यार्थी पाठ केलेले टिकवणारी झोपच घालवून बसतो.

वर्गात आणि घरी हे सहज करता येते. समजा, दहावीचा विजेचा धडा आहे. वाचून झाला की पुस्तक मिटावे, कोरा कागद घ्यावा, परिपथ काढावा. अॅमीटर एकसर जोडणीत, व्होल्टमीटर समांतर. ओहमचा नियम स्वतःच्या शब्दांत लिहावा. पेन जिथे अडेल, तिथेच पुस्तक उघडावे, सगळा धडा पुन्हा वाचू नये. दोन दिवसांनी हेच, आठवड्याने हेच, महिन्याने हेच. शिक्षकांनी तासाची पहिली दहा मिनिटे मागच्या महिन्याच्या धड्यावर, मार्कांची भीती न घालता, प्रश्न विचारण्यासाठी ठेवावीत. महाविद्यालयांनी अंतर्गत चाचण्या सत्रभर पसराव्यात आणि प्रत्येक चाचणीत आधीचा पोर्शनही घ्यावा. ‘तो झाला, आता ऑप्शनला’ ही सोय बंद झाली की सवय आपोआप बदलेल.

यावर शेवटचा आक्षेप येतो की हे वेळ असलेल्यांचे चोचले आहेत, दिवसभर काम करून शिकणाऱ्याला रात्रच उरते. मला हा आक्षेप सर्वांत गंभीर वाटतो, आणि माझ्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावाही तोच आहे. ज्याच्याकडे वेळ कमी, त्यालाच ६८ऐवजी ३८मध्ये भागणे परवडते. बसमधली दहा मिनिटे, जेवणाच्या सुट्टीतली पाच, मिटल्या पुस्तकाने आठवण्याला एवढीही पुरतात. कोंबायला मात्र अख्खी रात्र मोकळी लागते आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्याला तीच मिळत नाही. वर्षभर विभागून शिकवणारी आणि विचारणारी शाळा ही त्या मुलावर मेहरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे. तो हक्क आपण परीक्षा ठरवणाऱ्यांकडे मागितला पाहिजे.