ट्रंक रद्दीत देण्याआधी एकदा उघडा

पिंपरी-चिंचवडकरांनो, चाकणकरांनो, घर पुनर्विकासाला निघालं, गावचा वाडा उतरवायला घेतला, की माळ्यावरची ट्रंक सगळ्यात आधी रद्दीवाल्याकडे जाते. देण्याआधी ती एकदा उघडा. तळाशी अंतर्देशीय पत्रांची चळत सापडली तर बाजूला काढा. आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या बालपणीच्या त्या पत्रमैत्रीत युद्धकाळाचा असा इतिहास आहे, जो कुठल्याही सरकारी दफ्तरात सापडणार नाही.

पिंपरी-चिंचवडचा तर त्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे टेल्को आली, बजाज आली. सातारा-सांगलीपासून मराठवाड्यापर्यंतची माणसं इथे कामाला आली. कितीतरी घरांत एक भाऊ कारखान्यात, तर दुसरा पलटणीत. १९६२, १९६५, १९७१ या युद्धांच्या काळात मुलं काकाला, मामाला, गावाकडच्या सवंगड्याला पत्रं लिहीत. शाळांतून अनोळखी जवानांनाही पत्रं जात. पत्त्यात गावाचं नाव नसे. पलटण आणि ‘मार्फत ५६ एपीओ’ हे लष्करी टपालघर, एवढंच. सेनापती काय ठरवत होते ते ग्रंथांत मिळेल. ब्लॅकआउटच्या रात्री दहा वर्षांच्या मुलीला कशाची भीती वाटली, ते तिच्याच अक्षरात मिळेल.

फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेल्या सिंधी कुटुंबांचे बालमित्र सीमेपलीकडे सुटले. युद्धांनी टपालही तोडलं. ते पुन्हा सुरू करण्याची तरतूद १९७२च्या सिमला करारात करावी लागली. या घरांतली जुनी पत्रं अरबी वळणाच्या सिंधी लिपीत असतील, तर ती वाचू शकणारी पिढी आता थकली आहे. ती वाचून घ्यायची वेळ आजचीच आहे.

पानिपतच्या काळाबद्दल आज आपण इतक्या बारकाईनं बोलू शकतो, ते पत्रांमुळेच. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी त्या काळचा पत्रव्यवहार मिळवून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. ज्यांनी ती पत्रं घरात जपून ठेवली, त्यांचंही ते काम होतं. आपल्या वाट्याचं काम त्याहून सोपं आहे.

पत्रं लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. टाचण्या हलक्या हातानं काढा. गंज कागद खातो. तिकिटं कापू नका, कारण शिक्क्यावर तारीख आणि टपालघराची खूण असते. १९७१च्या नोव्हेंबरपासून पाकिटांवर बांगलादेशी निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लागत होतं. ते तिकीटही साक्षीदारच आहे. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. कुणी, कुणाला, कधी लिहिलं, याची वेगळ्या कागदावर नोंद करा. लिहिणारी व्यक्ती हयात असेल तर तिच्याजवळ बसा, आठवणी रेकॉर्ड करा आणि तिच्या परवानगीशिवाय काहीही पुढे पाठवू नका.

शाळांनी येत्या सुट्टीत मुलांना हाच प्रकल्प द्यावा. कारखान्यांनी स्कॅनिंगचा खर्च उचलावा. महापालिकेनं एखाद्या ग्रंथालयात या पत्रांसाठी हक्काची खोली द्यावी आणि ती मिळेपर्यंत आपण सगळ्यांनी तिची मागणी लावून धरावी. सुरुवात मात्र आपल्याच घरापासून करायची आहे. या रविवारी माळ्यावर चढा आणि ट्रंक खाली काढा.