पायमोजे आणि विमानप्रवास

मुकुटबनच्या आमच्या काकूंचें मुलाकडे अमेरिकेस जाणें ठरलें, तेव्हां त्यांची पहिली चिंता विमानाची नव्हती, पायांची होती. "तिकडे म्हणे तपासणीच्या वेळीं अनवाणी चालवितात, माझ्या पायांचें कसें?" असें त्यांनीं आम्हांस विचारलें. काकूंना मधुमेह आहे. तळव्यांस संवेदना कमी. अशा पायास खडा टोचला तरी कळत नाहीं, व न कळलेली जखम चिघळते. तेव्हां प्रश्न सोंवळ्याचा नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

हा प्रकार आला कोठून? २२ डिसेंबर २००१ रोजीं पॅरिसहून मायामीस जाणाऱ्या विमानांत रिचर्ड रीड नांवाच्या इसमानें जोड्यांत दडविलेलें स्फोटक द्रव्य काडीनें पेटविण्याचा यत्न केला. सहप्रवाशांनीं त्यास जखडून टाकलें. पुढें ऑगस्ट २००६ पासून अमेरिकेंत जोडे काढणें सक्तीचें झालें, आणि जुलै २०२५ मध्यें ती सक्ती उठली. म्हणजे काकूंची बातमी जुनी झाली. तथापि शंका आल्यास अधिकारी आजही जोडे उतरवावयास सांगतात, आपल्याकडेही सांगतात. कित्येक जोड्यांच्या तळाशीं पोलादी पट्टी असते व धातुशोधक यंत्र तेवढ्यानेंही ओरडतें.

घरीं आपण उंबऱ्याबाहेर वहाणा सोडतों, तेव्हां आंतली जमीन पुसलेली असते. येथें नेमकें उलट. हजारोंचे जोडे जेथून गेले, तेथेंच पाय उघडा टाकावयाचा. बेचक्यांतील चिखल्या अशाच सामायिक, दमट जागीं लागूं शकतात.

म्हणून आम्हीं सुती पायमोजे घालण्यास सुचविलें. (कापसाच्या मुलुखांतील बाईस सुताचें महत्त्व आम्हीं काय सांगावें!) वरची पट्टी मात्र घट्ट नको, मुकुटबनहून वणी-वरोऱ्यावरून नागपूरचा विमानतळ गांठीपर्यंतच पाय सुजतात, मग ती काचते. चपलेसाठीं अंगठा वेगळा असलेले मोजे मिळतात, ते बरे. तळाशीं रबरी ठिपके असल्यास उत्तम, कारण गुळगुळीत फरशीवर नुसता मोजा घसरतो. बसावयास खुर्ची मागण्यांतही संकोच नसावा.

राहिला प्रश्न जोडव्यांचा. तीं सहसा काढावीं लागत नाहींत. आपल्या विमानतळांवर यंत्र वाजलें तर स्त्री-शिपाई पडद्याआड हातयंत्रानें पाहते. जोडव्याची कड मोज्यांत अडकते, हीच काय ती अडचण. त्यावर काकूंनीं स्वतःच तोड काढली: बोटाभोंवतीं चिंधी गुंडाळून वर मोजा. त्यांनीं मोज्यांचे 3 जोड घेतले आहेत. त्यांतील एक मुलासाठीं, असें समजतें.