कोणत्या डॉक्टरांच्या सल्ल्याने?

‘लोक लेबल वाचतच नाहीत, मग ते सुधारून उपयोग काय?’ औषधांच्या वेष्टनाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. पण वाचायला आहे काय? चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या पॅरासिटामॉलची पट्टी उलटून बघा. मात्रेपुढे बहुधा इंग्रजीत एवढंच असतं : ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार’. जो डॉक्टरकडे न जाता थेट मेडिकलमध्ये गेला, त्याने हा सल्ला कुठून आणायचा?

जागा नाही, हा दुसरा बचाव. ब्रँडचं नाव मात्र त्याच पट्टीवर तिरप्या ओळींत पुन्हा पुन्हा मावतं!

आता क्यूआर कोड आलाय, असंही ऐकवतात. 1 ऑगस्ट 2023 पासून तो 300 ब्रँडांवर सक्तीचा आहे. त्यात औषधाचं नाव, उत्पादक, बॅच, तारखा, परवाना क्रमांक असतो. बनावट माल पकडायला हे उत्तम. दिवसाला किती गोळ्या चालतील, हे मात्र त्या सक्तीच्या यादीत नाही.

खरा धोका सर्दीच्या गोळीत आहे. तापासाठी 650 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चारदा घेतली : 2.6 ग्रॅम. सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. ती तीनदा घेतली : दीड ग्रॅम. बेरीज 4.1. प्रौढांसाठी 24 तासांची कमाल मर्यादा 4 ग्रॅम. त्यापुढे यकृताला इजा होण्याचा धोका. दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या बघितल्या तर माणसाचं काहीच चुकलेलं नाही. मूळ औषधाचं नाव ब्रँडपेक्षा ठळक छापा, असा नियम 2018 मध्ये झाला खरा. पण तीन किंवा अधिक औषधांच्या मिश्रणांना त्यातून सूट मिळाली. सर्दीच्या कितीतरी गोळ्या नेमक्या याच सुटीत बसतात. ही सूट आधी काढा.

अमेरिकेने 1999 मध्ये अशा औषधांसाठी एकच साचा ठरवला : आधी सक्रिय घटक, मग उपयोग, इशारे, मात्रा, अक्षर किमान 6 पॉइंटचं. हा क्रम जरूर उचलावा. तो साचा जसाच्या तसा मात्र आपल्याकडे चालणार नाही, कारण तिथे खोका किंवा बाटली अख्खी विकली जाते आणि आपल्याकडे मध्ये कात्री येते. चार गोळ्या मागितल्या की मेडिकलवाला पट्टी कापतो; मुदतीची तारीख छापलेली कड बऱ्याचदा त्याच्याच खणात राहते. म्हणून प्रत्येक गोळीच्या मागे नाव, मिलिग्रॅम आणि मुदत हवी. दिवसाची कमाल संख्या महाराष्ट्रात मराठीत हवी. आणि छपाईआधी हा मजकूर एखाद्या एसटी स्टँडवर अनोळखी लोकांना वाचायला देऊन विचारावं : दिवसभरात किती घ्याल? उत्तरं चुकली, तर मजकूर पुन्हा लिहावा.

खर्च वाढेल, अशी ओरड होईलच. ब्रँडचा नवा रंग, नवं बोधचिन्ह आणताना वेष्टनाची छपाई बदलावीच लागते. तेव्हा हा हिशेब कुणी मांडत नाही.