सोडियम बॅटरी ‘१०,००० सायकल’ टिकणार? आधी हे तीन प्रश्न विचारा

एप्रिल २०२५ मध्ये चीनच्या सीएटीएलने ‘नॅक्स्ट्रा’ ही सोडियम-आयन बॅटरी दाखवली. कंपनीचा दावा असा, की एका किलोत १७५ वॉट-तास ऊर्जा मावते आणि आयुष्य १०,००० सायकलच्या वर. आपल्याकडेही हालचाल आहे. रिलायन्सने ब्रिटनची फॅराडिऑन विकत घेतली, पुण्याच्या केपीआयटीने डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःचं तंत्रज्ञान जाहीर केलं. सोडियम मिठातही असतं, म्हणून बॅटरी स्वस्त, असं गणित सगळीकडे फिरतंय. पण दोन-तीन वर्षांत बॅटरी बसली, तर त्या स्वस्ताईचा उपयोग काय?

आत नेमकं काय बिघडतं?

फॅराडिऑनसह अनेक कंपन्या थरांचा कॅथोड वापरतात. निकेल, मँगनीज, लोह अशा धातूंच्या ऑक्साइडचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक, आणि मधल्या फटींत सोडियमचे आयन. चार्जिंगला लावलं की आयन बाहेर पडतात, वापरताना परत येतात.

अडचण आकाराची आहे. लिथियम आयनची त्रिज्या ०.७६ अँगस्ट्रॉम, सोडियमची १.०२. एवढे मोठे आयन निघून गेले की थर एकमेकांवर सरकतात. थोडं सरकणं चालतं, ते परत जागेवर येतात. पण व्होल्टेज फार वाढवलं, काही प्रकारांत साधारण ४.२ च्या वर, तर थर एकदम दबतात आणि आकारमान २० टक्क्यांच्या आसपास घटतं. रोज असं फुगणं-आकसणं झालं की कणांना बारीक तडे जातात. तड्यांत इलेक्ट्रोलाइट शिरतो, आतल्या कोऱ्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रिया होते, मँगनीज विरघळू लागतं. बॅटरी उतरते ती अशी.

दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. तिच्यात सोडियम पृष्ठभागावर येऊन कॉस्टिक सोडा आणि धुण्याचा सोडा तयार होतो. म्हणजे आपल्या पावसाळ्यात कारखान्याला कोरड्या खोल्या लागणार, आणि त्यांचा खर्च किमतीत धरावाच लागेल.

उपाय आहेत, पण फुकट नाहीत

थरांत थोडं मॅग्नेशियम किंवा टायटॅनियम मिसळतात, कणांवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा लेप देतात. तिसरा उपाय माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या हातातला: बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमच्या कोडमध्ये वरचं व्होल्टेज कमी ठेवायचं. फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवणारं सेटिंग असतं, तसंच. आयुष्य वाढतं, पण एका चार्जमधली ऊर्जा घटते.

म्हणून मला वाटतं, घरच्या इन्व्हर्टरला किंवा सोलर साठवणुकीला सोडियम आधी शोभेल. तिथे वजन वाढलं तरी चालतं. स्कूटरमध्ये मात्र प्रत्येक किलोमीटर मोजला जातो.

पुढच्या वेळी सायकलचा मोठा आकडा दिसला, तर विचारा:

१. चाचणी किती व्होल्टेजपर्यंत चार्ज करून घेतली?
२. तापमान किती होतं? उणे ४० ला चालते हे छान, पण चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांचं काय?
३. शेवटच्या सायकलला मूळ क्षमतेपैकी किती टक्के उरली?

उत्तरं मिळाली नाहीत, तर तो आकडा जाहिरातीपुरताच समजा आणि वॉरंटीचा कागद नीट वाचा.