जिमीची आई

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेच्या मुलांचा वार्षिक कार्यक्रम झाला. त्याच्या आठवडाभर आधी सातवीतला एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, मी 'डिस्को डान्सर'मधल्या गाण्यावर नाच बसवलाय. माझं नाव लिहून घ्या." मी नाव लिहिले नाही. "दुसरे काहीतरी चांगले घे," असे सांगून त्याला परत पाठवले. चमचमते कपडे, कंबर हलवणे, अर्थाचा पत्ता नाही. अभ्यासिकेच्या मंचावर हे कशाला, असा माझा विचार. मुलगा हिरमुसून गेला.

रात्री जेवताना ही गोष्ट मी घरात सांगितली. आई म्हणाली, "तू तो सिनेमा बघितलास का रे?"

"बघितला की. वस्तीत व्हिडिओ आणला होता तेव्हा."

"कुठला बघितलास? तू अर्ध्यातच झोपलास. बघितला तो आम्ही बायकांनी."

आईचे खरे होते. तेव्हा मी आठ वर्षांचा असेन. घरटी वर्गणी काढून रात्रभरासाठी भाड्याने टीव्ही आणि व्हिडिओ आणायचे, दोन चाळींच्या मधल्या जागेत टेबलावर ठेवायचे आणि सगळ्या वस्तीने सतरंज्या, गोणपाट घेऊन बसायचे. एका रात्रीत तीन सिनेमे. आम्हा पोरांच्या लक्षात राहिला तो मिथुनचा नाच, कपाळाची पट्टी आणि पांढरे कपडे. दुसऱ्या दिवसापासून नळावर पाणी भरणारी पोरेही पाय घासत मागे सरकू लागली. हळदीत, वरातीत बँजो पार्टी 'जिमी'ची चाल वाजवू लागली. मिथुन चक्रवर्ती आमच्यासारखाच सावळा होता, याचेही पोरांना फार अप्रूप. शिकलेल्या घरांत मात्र या सिनेमाला नाके मुरडली जात. पुढे बी. कॉम. होऊन कारकुनाच्या खुर्चीवर बसल्यावर मीही नाक मुरडायला शिकलो.

आता आईच्या सांगण्यावरून मी तो सिनेमा पुन्हा बसून पाहिला. बब्बर सुभाष यांचा हा सिनेमा १९८२ सालचा. कथा-पटकथेत हात आहे डॉ. राही मासूम रझा यांचा. 'आधा गाँव' ही कादंबरी लिहिणारे आणि पुढे दूरदर्शनच्या 'महाभारत' मालिकेचे संवाद लिहिणारे तेच हे रझा. गोष्ट अशी : मुंबईच्या रस्त्यावर गाणे-बजावणे करून पोट भरणारा अनिल नावाचा लहान मुलगा. एका श्रीमंताच्या बंगल्यात त्याच्यावर गिटार चोरल्याचा आळ येतो. त्याच्या आईचा अपमान होतो. चोर हा शिक्का घेऊन मायलेकरे मुंबई सोडून गोव्याला जातात. मोठेपणी हाच अनिल 'जिमी' होतो आणि त्या श्रीमंताच्या गायक मुलाला मागे टाकतो. मग त्याचा काटा काढण्यासाठी गिटारीत विजेचा प्रवाह सोडला जातो, पण त्या गिटारीला हात लागून मरते ती आई. त्यानंतर जिमीला गिटारीची धास्ती बसते. तो गाऊ शकत नाही, नाचू शकत नाही. ज्या गाण्याला मी अर्थहीन म्हणत होतो ते पार्वती खान यांनी गायलेले 'जिमी जिमी' नेमके इथे येते. भरलेल्या सभागृहात, धास्तावून उभ्या राहिलेल्या त्या मुलाला पुन्हा गाण्याकडे बोलावण्यासाठी ते गाणे आहे.

आई पुढे सांगू लागली. "त्या पोराच्या आईला चोर म्हणतात ना, तेव्हा बायकांची सगळी कुजबुज थांबली. तुझी शेजारची आत्या पदर तोंडाला लावून उठून घरात गेली."

ही आत्या चार घरची धुणीभांडी करायची. त्याच वर्षी एका घरातली सोन्याची बांगडी हरवली आणि आळ तिच्यावर आला. तिची पिशवी उलटी केली, घरातल्या मुलांसमोर तिची झडती घेतली. दोन दिवसांनी बांगडी मोरीतल्या साबणाच्या डब्यामागे सापडली. "सापडली गं," एवढेच त्या बाई म्हणाल्या. चुकले असे कोणी म्हटले नाही. महिन्याच्या पगारातून दोन खाडे मात्र कापले. आत्याने हे वस्तीत कोणालाच सांगितले नव्हते. त्या रात्री माझी आई तिच्या मागोमाग घरात गेली, तेव्हा तिने सांगितले. मग दोघी परत येऊन बसल्या आणि शेवटपर्यंत सिनेमा पाहिला. जिमी जिंकला तेव्हा सर्वांत मोठ्याने टाळ्या आत्याने वाजवल्या, असे आई म्हणाली.

आता दूरच्या प्रेक्षकांकडे पाहू. हा सिनेमा १९८४ साली सोव्हिएत रशियात दाखवला गेला आणि तिथे त्याची सुमारे ६ कोटी तिकिटे विकली गेली. तिथली मुले हिंदीचा एक शब्द न समजता ही गाणी म्हणत. त्याआधी १९५४ साली राज कपूरचा 'आवारा' तिथे असाच गाजला होता. त्या सिनेमातल्या न्यायाधीशाचे ठाम मत असते की चोराचा मुलगा चोरच निघणार. माणूस जन्मावरून ठरतो, हे मत तो सिनेमा खोटे पाडतो. हे मत किती जुने आणि किती घातक आहे, ते आपल्या वाचकांना मी काय सांगावे? दोन्ही सिनेमांत गरिबाच्या पोरावर चोरीचा शिक्का बसतो आणि दोन्ही सिनेमे तो शिक्का पुसतात. सहा कोटी तिकिटे काही नुसत्या चमचमत्या कपड्यांमुळे विकली गेली नसावीत.

संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये वारले. या गाण्यांच्या काही चाली परदेशी गाण्यांवरून उचललेल्या आहेत, ही टीका त्यांच्यावर झाली आणि ती खरी आहे. 'जिमी'ची चाल 'ओटावान' या फ्रेंच जोडीच्या १९८० च्या गाण्यावर बेतलेली आहे. मूळ रचणाऱ्याचे श्रेय त्याला मिळायलाच हवे. पण पुढचे ऐका. बप्पीदा गेल्यावर आठ महिन्यांनी चीनमध्ये कोविडची टाळेबंदी चालूच होती. घराबाहेर पडायला बंदी, घरात धान्याची चणचण. चिनी भाषेत 'जिए मी' म्हणजे 'तांदूळ उसने दे'. तिथल्या लोकांनी 'जिमी जिमी'ची चाल लावली, रिकामी भांडी हातात धरली आणि नाचत आपले चित्रण मोबाइलवर टाकले. उघड टीका तिथे लगेच पुसून टाकतात. हे गाणे मात्र हां हां म्हणता सगळीकडे पसरले. चाल फ्रान्सची, गाणे मुंबईचे आणि रिकामे भांडे चीनचे!

हे सगळे कळल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेलो. "नाव लिहितो, पण एक अट आहे," मी म्हणालो. "नाचाआधी दोन मिनिटे या सिनेमाची गोष्ट सांगायची." त्याने सांगितली. अडखळत, पण चोरीच्या आळापासून शेवटपर्यंत नीट सांगितली. मग नाचला. आई पहिल्या रांगेत होती. आत्या आता हयात नाही, नाहीतर तीही असती.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलांना आवडणारे प्रत्येक गाणे चांगले असते असे नाही. त्यातले काही खरोखरच टाकाऊ असते आणि ते तसे सांगावेही. पण सांगण्याआधी मुलाजवळ बसून ते एकदा ऐकावे, त्यात काय आवडले ते त्याला विचारावे, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारावे. मी विचारले नव्हते. म्हणून शेजारच्या आत्याची गोष्ट माझ्यापर्यंत यायला एवढी वर्षे लागली.