मालकी सोडावी, कारभार नव्हे

धार जिल्ह्याच्या कुक्षी तहसिलीतील निसरपुर हे नांदते, बाजाराचे गाव होते. 2019 च्या सप्टेंबरात सरदार सरोवर धरण 138.68 मीटरांच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि नर्मदेचे तुंबलेले पाणी त्या गावच्या घरांत व दुकानांत शिरले. अशा प्रसंगी उंबऱ्याबाहेर पडलेल्या माणसाला ‘देवाची इच्छा; सारे त्याच्यावर सोपवा’ असे सांगणारा एखादा सज्जन हमखास भेटतो, आणि तो ख्रिस्ती उपदेशक असेल तर आपण शास्त्रार्थच सांगत आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. याच उपदेशाकडे बोट दाखवून ‘ईश्वरनिष्ठा म्हणजे आळसाला दिलेले सोज्ज्वळ नाव’ असे म्हणणारा बुद्धिवादीही फार दूर नसतो. वरकरणी हे दोघे एकमेकांचे प्रतिपक्षी. परंतु समर्पण म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, या अर्थाविषयी त्यांचे संपूर्ण मतैक्य आहे, आणि आमचा वाद आहे तो त्या मतैक्याशी.

मराठी शुभवर्तमानांतील दृष्टांतांत ‘कारभारी’ हा शब्द येतो. धार-देवासच्या पवारांच्या संस्थानांत ज्यांच्या आजापणजांनी दप्तरे सांभाळली, त्यांना या शब्दाचा अर्थ सांगत बसण्याचे कारण नाही. वसूल किती आला, तगाई कोणास दिली, कोणत्या महालात बखेडा उभा राहिला, याची चिंता कारभाऱ्यानेच करावयाची. मात्र मुलूख आपला नव्हे आणि अखेरचा हुकूम आपला नव्हे, हे त्याने क्षणभरही विसरावयाचे नाही. ‘मुलूख धन्याचा, मला काय त्याचे?’ म्हणून जो झोपा काढील त्याला कोणी धन्यावर विश्वास टाकणारा म्हणत नाही, नालायक म्हणतात. धन्याने सोपविलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची येशूच्या दृष्टांतात जी संभावना झाली ती सर्वश्रुतच आहे. देवावर सोपविणे म्हणजे मालकीचा दावा सोडणे होय. कारभाराचा राजीनामा देणे नव्हे.

हा शब्दच्छल वाटत असेल तर पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहावे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान व सत्त्वशील ब्राह्मण. तीर्थयात्रा, पुराणकथन, दानधर्म यांत द्रव्य संपले, 1874 च्या सुमारास दुष्काळाने गाठले, आणि देवता प्रसन्न होण्याची वाट पाहत, मजुरीसाठी हात पुढे करण्यास कुलाभिमान आड येत, ते कुटुंब उपासमारीने होरपळले. आईवडील व बहीण थोड्याथोड्या अंतराने गेली. ही हकीकत रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवली आहे. ज्या स्त्रीने निष्क्रिय विश्वासाचे फळ वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी डोळ्यांनी पाहिले, ती पुढे विश्वासाचे नाव घेईल तेव्हा भोळेपणाने घेणार नाही, एवढे तरी आक्षेपकांनी मान्य करावे.

1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889 मध्ये मुंबईत शारदासदन निघाले, आणि अमेरिकेतील हितचिंतकांनी दहा वर्षांपुरते पत्करलेले साहाय्य 1898 मध्ये संपावयाचे होते. त्याच्या आतच 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतांत शिरून उपाशी मुलींना घेऊन आल्या. मुदत संपत आलेली आणि पंगत वाढत चाललेली! कोणत्याही व्यवहारी फडणीसाने या वेळी पंगत आखडती घ्या, असे सांगितले असते. जॉर्ज म्युलर यांनी इंग्लंडात केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथगृहे चालविली, हे रमाबाईंनी वाचले होते, आणि हिंदुस्थानात असे का होऊ नये, हा प्रश्न त्यांच्या मनाने घेतला होता. त्यांनी पंगत आखडली नाही. परंतु हात जोडून आकाशाकडे पाहतही त्या राहिल्या नाहीत. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, फळझाडे लागली, गुरे आली, माग चालू झाले, छापखाना उभा राहिला. 1900 च्या सुमारास त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनात दीड हजारांच्या आसपास जीव नांदत होते. मूळ हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर त्यांनी आरंभिले, आणि त्याचे खिळे जुळविले ते त्यांच्याच आश्रमातील स्त्रियांनी. उद्याचे धान्य कोठून येईल हे देवावर सोपविणारी ही बाई विहिरीची जागा आणि क्रियापदाचे रूप मात्र स्वतः निश्चित करीत होती. 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. भाषांतराचे काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई निवर्तल्या, आणि संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले ते 1924 मध्ये. आपल्या श्रमाचे फळ आपल्याच डोळ्यांदेखत हाती पडावे, हा मालकाचा हट्ट ज्याने सोडला आहे त्यालाच असे काम करिता येते. समर्पणाने उद्योग मंदावतो म्हणणाऱ्यांनी केडगावचा जमाखर्च एकदा उलगडून पाहावा.

प्रतिपक्षाच्या बाजूनेही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, हे थोरच. पण त्यांच्या उदार निश्चिंतपणाची झळ संसारात कोणाला लागे, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास सांगावयास नको. एकाने देवावर सोपवावे आणि दुसरीने उसनवारी करावी, हे समर्पण अर्धेच. लक्ष्मीबाईंनी ते हसत सांगितले म्हणून आम्हीही हसत पुढे जातो. विश्वास ठेवला की मागू ते मिळते, असा देवाशी सौदा करणाऱ्यांविषयी लिहून जागा अडविण्याची इच्छा नाही. त्यांनी ताबा सोडलेलाच नसतो, देवालाच ताब्यात घेतलेले असते.

आता निसरपुरकडे वळू. धरणाची 455 फुटांची पातळी 1979 मध्ये नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाच्या निवाड्याने ठरली. ती सिनाई पर्वतावर ठरली नव्हती. मनुष्यांनी केलेल्या निवाड्यावर देवाची मोहोर उमटविणे, हा आमच्या मते नम्रतेचा वेष घेतलेला उर्मटपणा आहे. गेथशेमाने बागेत येशूने पित्याच्या इच्छेपुढे मस्तक नमविले खरे, परंतु त्याआधी हा प्याला टळावा अशी विनवणी केली होती. आणि प्रार्थनेचे उदाहरण देताना त्याने निवडली ती बेपर्वा न्यायाधीशाच्या दारी खेटे घालून घालून त्याला न्याय करावयास लावणारी विधवा. अर्ज करणे, तक्रार गुदरणे, पुन्हा अर्ज करणे, हे विश्वासाच्या विरुद्ध असते तर त्या दृष्टांताला अर्थच उरला नसता. देवापुढे वाकलेल्या माणसाने कचेरीपुढेही वाकावे, असा अर्थ त्यातून निघत नाही. उलट, निकालाची मालकी सोडलेली असल्यामुळे, दहावा अर्ज फेटाळला गेला तरी अकरावा लिहिण्याइतकी स्वस्थता त्याच्याच ठायी राहते.

म्हणून विस्थापिताला धीर देण्यास जाणाऱ्या उपदेशकाला आमची विनंती एवढीच की, ‘देवाची इच्छा’ हे शब्द उच्चारण्यापूर्वी त्याने त्या माणसाच्या हातातील कागद वाचून पाहावा, आणि अर्ज लिहून हवा असेल तर तो लिहून द्यावा.