वाड्यावरचा माणूस

निळू फुल्यांचं नाव काढा, समोरचा माणूस लगेच घोगरा आवाज काढून एखाद्या बाईला वाड्यावर बोलावतो. दुसरं काही आठवतच नाही कुणाला. परवा मोहर्लीच्या गेटवर ताडोबात शिरणाऱ्या जिप्स्यांची रांग लागली होती. एका पर्यटकाने गाईड म्हणून आलेल्या मुलीलाच ते ऐकवलं. मागच्या सीटवरचे खदखदा हसले. ती हसली नाही.

या विनोदातला चावटपणा सोडा, मला तो खोटा वाटतो. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'तल्या झेलेअण्णापासून फुल्यांनी जो खलनायक रंगवत नेला, त्याला बाईपेक्षा गाव हवं होतं. बाई हा त्या मालकीचा एक भाग. 'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील आठवा. साखरसम्राट माणूस. रस्त्यावरच्या दारुड्या मास्तरला तो घरी आणतो, आदराने बसवतो, पाजतो. आणि मग त्याच घरात बसून मास्तरला मारुती कांबळेचं विचारायचं असतं! पाहुणचार हेच ज्याचं हत्यार, असा खलनायक मराठीत दुसरा कुठे आहे? तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, समोर श्रीराम लागू. १९७५ साली हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात गेला. आपण मात्र फुल्यांकडून उचलली ती एक नक्कल.

दुसरी एक गोष्ट मला याहून छळते, ती म्हणजे श्रद्धांजलीवाल्यांचं कौतुक. २००९ च्या जुलैत फुले गेले तेव्हापासून ऐकतोय, "पडद्यावर खलनायक, पण आयुष्यात देवमाणूस." हा 'पण' कशाला? हा माणूस राष्ट्र सेवा दलात घडला, पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलं, सेवा दलाच्या कलापथकातून लोकनाट्यं केली. ज्याच्याविरुद्ध लढायचं तो पाटील कसा बसतो, कसा हसतो, कुठल्या शब्दावर आवाज खाली आणतो, हे त्यांनी नीट बघून ठेवलं होतं. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंबरोबर नाटकाचे प्रयोग करत हिंडणारे फुले आणि हिंदुराव ही एकाच कामाची दोन टोकं. 'सखाराम बाइंडर' आणि 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस एकाच नटाने केले, हे तरी लक्षात ठेवा की!

आमच्याकडे वाडा पाटलाचा नसे, मालगुजाराचा असे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, त्यांचे तलाव 'मामा तलाव' म्हणून राहिले. वडशाच्या कंपन्या दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं घेऊन गावोगाव फिरतात. त्यात खलनायक लागतोच, आणि रात्रभर थंडीत बसलेल्या बाया त्याला मनापासून शिव्या घालतात. त्यांना माहीत असतं आपण कुणाला शिव्या देतोय ते. जंगलाकाठची शेती विकत घ्यायला येणारा माणूस मिशीला पीळ देत येत नाही. गोड बोलतो, चहा पाजतो, पोराला नोकरी लावून देतो म्हणतो. हिंदुराव नीट पाहिलेल्या माणसाला तो चहा पिताना थोडं तरी चुकचुकेल. घोगरा आवाज काढून हसणाऱ्याला नाही चुकचुकणार, तो आणखी एक कप मागेल.